दोन वर, दोन खाली

कुरियरच्या खोक्यातून ते निघालं
तेव्हा मी खोकंच पुन्हा हलवून पाहिलं,
आत काही राहिलं तर नाही ना,
इतकं हलकं.
कार्बन फायबरचं पुढचं मडगार्ड. काळं, चकचकीत.
नऊ हजार चारशे.
बायको म्हणाली, "एवढ्यात कूलर आला असता."
मे महिन्यातलं नागपूर. तिचं चुकत नव्हतं.

रविवारी सकाळी तांडापेठेत
चेतन धकातेच्या टपरीसमोर गाडी स्टँडवर चढवली.
त्यानं मडगार्ड पाहिलं, मग माझं पोट.
"भाऊ, तीनशे ग्रॅम कमी करासाठी नऊ हजार?
तर्रीपोहे सोडले असते तं फुकटात झालं असतं."
असं म्हणून त्यानंच दोन प्लेट पोहे मागवले.

चाक उतरलं. कॅलिपर त्यानं सुतळीनं फोर्कला बांधला,
नळीवर लटकू दिला नाही.
जुन्या मडगार्डचे तीन बोल्ट निमूट आले,
चौथा गंजून बसलेला,
त्याला तेल, मग टिचक्या, मग एक शिवी,
मग आला.
जुनं मडगार्ड फुटपाथवर उताणं पडलं,
पोटात अकरा वर्षांची वाडी-हिंगण्याची माती,
डांबराचे थेंब,
काटोल रोडवरचं एखादं वाळलेलं पान.

नवं बसेना.
तीन भोकं जुळली, चौथं दोन मिलिमीटर बाहेर.
चेतन ड्रिल आणायला वळला
तेवढ्यात आतून त्याचे वडील आले. डोमाजी.
आता जिथं क्लचच्या तारा लटकतात
तिथं त्यांचा माग होता,
खड्ड्यात पाय सोडून बसायचा.
खड्डा अजून आहे. त्यात उतरून
चेतन सायलेन्सरचे नट खोलतो.

म्हाताऱ्यानं मडगार्ड उचललं,
चष्मा कपाळावर सरकवून नाकाशी आणलं.
"हे तं कापड आहे बे."

"दोन वर, दोन खाली. दर ओळीले एक घर सरकलं,
म्हणून हे तिरपे पट्टे.
मिलमधी असं ड्रिल निघे.
खळ कोनती लावली?"
मी म्हटलं, रेझिन.
"जास्त आवळलं तं तडकन?"
तडकेल.
"मंग खळच आहे."

आणि त्यांनी ते उलटं केलं.
आतली बाजू खरखरीत, बिनपॉलिशची.
तिथंच अंगठा फिरवत राहिले.
"लुगडं उलटं करून घ्याचं असते.
सुलटं तं कोनीबी सजवते."
कडेला एका जागी अंगठा थांबला.
दोन धागे वाकडे गेले होते.
मला तोवर दिसलेच नव्हते,
आता दुसरं काही दिसेना.

ड्रिल राहिलं.
बारीक कानस, ओला फडका, तोंडाला रुमाल.
काळी भुकटी पाण्यात बसवत
चेतन घासत होता, बाप सांगत होता,
"आडवा नको जाऊ. धाग्यासंगं जा."
नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार सांगणारा हा पोरगा
मुकाट ऐकत होता.
एरवी या दोघांत
जेवायला चल, एवढंच बोलणं असतं.

रबराचे वॉशर. बोल्ट आधी बोटांनी,
मग पाना फक्त पाव वळसा.
हँडल डाव्या टोकाला, उजव्या टोकाला.
फोर्क दाबून पाहिला, टायर कुठं घासत नाही.
मजुरी दोनशे.
डोमाजींना विचारलं, तुमचं काय?
"जुनं ठेवून जा."
कशाला, ते नाही सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी टँकर गळत होता,
बायका गुंड लावून उभ्या.
त्या चिखलातून चाक गेलं
आणि आतून तडतड आवाज आला,
शिंतोडे उडाले त्या बाजूला
जी फक्त त्यांनी निरखून पाहिली होती,
त्या दोन वाकड्या धाग्यांवर.

गाडी हलकी वाटली का?
खरं सांगू, नाही.

घरी बायकोनं ओल्या हातानं चाचपून पाहिलं.
"प्लास्टिकच ना शेवटी?"
"कापड आहे," मी म्हटलं.